कुंकवामागचं नाव

आमच्या मराठी मंडळातल्या मनोहरकाकांच्या बालीगंजच्या फ्लॅटबाहेर त्या रविवारी दुपारी चपला ठेवायला जागा नव्हती. टाळ्यांचा आवाज खालच्या मजल्यापासूनच येत होता. मी आत शिरले तर दिवाणखान्यात चाळीसेक माणसं मांडी घालून बसलेली. सगळी आमच्या मंडळातली, म्हणजे बदलीवर किंवा नोकरीसाठी कलकत्त्यात येऊन राहिलेली मराठी माणसं. बँकेतले अधिकारी, फोर्ट विल्यममधल्या एका मेजरची बायको, आयटीतली दोन-तीन तरुण जोडपी. सगळ्यांचे डोळे स्टुलावर उभ्या ठेवलेल्या एका टॅबलेटवर खिळले होते. पडद्यावर करड्या रंगात एक हृदय धडधडत होतं आणि ही शिकलीसवरलेली माणसं त्याच्या ठोक्याला टाळ्या वाजवत होती.

ते हृदय माझ्या जावेचं आहे असं त्यांना सांगितलं होतं. सुचित्रावहिनी दिवाणावर आडव्या होत्या, अंगावर शाल, डोळे मिटलेले. त्यांच्या छातीवर एक पांढरा प्रोब, म्हणजे सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तसलं उपकरण, टेकवून उन्मेषजी उभे होते. कडक इस्त्रीचा झब्बा, चेहऱ्यावर हसू.

"बघा, नीट बघा," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले छाती उघडा. आपण काय उघडलं? फक्त मन उघडलं. कुठे आहे गाठ?"

गाठ नव्हती. पडद्यावर चारही कप्पे स्वच्छ दिसत होते. बायका डोळे पुसत होत्या. वहिनींचे यजमान, माझे मोठे दीर श्रीकांतदादा, भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. आणि मी दारातच थबकले, कारण अकरा दिवसांपूर्वी ती गाठ मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती.

मी इकोची तंत्रज्ञ आहे. ध्वनिलहरी छातीत सोडून हृदयाचं चालू चित्र बघायचं, मापं घ्यायची, डॉक्टरांपुढे ठेवायची, सतरा वर्षं माझं हेच काम. वहिनींना दोन महिने बारीक ताप येत होता, वजन उतरत होतं, डमडमच्या मेट्रोचा जिना चढताना धाप लागायची. कोणी दमा म्हणालं, कोणी रक्त कमी आहे म्हणालं. एक दिवस त्या जिन्यातच भोवळ येऊन बसल्या, तेव्हा मी कोणाला न विचारता त्यांना रिक्षात घातलं आणि आमच्या हॉस्पिटलच्या तपासणी केंद्रात आणलं.

त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, जेल लावलं, प्रोब टेकवला. डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात मोठ्या आवळ्याएवढी गाठ होती, एका बारीकशा देठाला लोंबणारी. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की ती झडपेच्या दारातून खालच्या कप्प्यात डोकवायची आणि परत वर यायची. खाली, वर, खाली, वर. मी चार वेगवेगळ्या बाजूंनी बघितलं. प्रत्येक बाजूने ती होती.

आमच्या हृदयतज्ज्ञ डॉ. मोइत्राबाईंनी सगळं समजावून सांगितलं. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, पण ती तिथे राहू देणं धोक्याचं. कधी दारात अडकून रक्तच थांबवेल, कधी तिचा कण सुटून मेंदूत जाईल. औषधाने ती विरघळत नाही, काढावीच लागते, आणि ह्याच आठवड्यात काढा. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं की हृदय थांबवून ऑपरेशन करतात का. बाईंनी खोटं सांगितलं नाही. हो, मशीनवर ठेवून थोडा वेळ थांबवावं लागतं, म्हणाल्या.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे हृदयाच्याच ऑपरेशनला गेले आणि परत आले नाहीत. तेव्हा श्रीकांतदादा पंचवीस वर्षांचे होते आणि सही त्यांनी केली होती. त्यामुळे वहिनी विचार करायला दोन दिवस मागत होत्या ते त्यांनी आनंदाने दिले. दोनाचे चार झाले. मी रोज फोन करून ओरडत होते. मी तोंडाळ आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. गाठ किती सेंटीमीटरची आहे ते मी वहिनींना तीनदा सांगितलं, काय काय होऊ शकतं तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा फोन घेणंच सोडलं.

आणि मग अलकाकाकूंनी, म्हणजे मनोहरकाकांच्या पत्नीने, उन्मेषजींचं नाव काढलं.

हा माणूस त्याच्या तीन महिने आधी मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणाच्या तरी ओळखीने आला होता. तो बंगाली बुवा असता तर ह्याच लोकांनी त्याला दारातून परत पाठवला असता. पण तो 'अहो काकू, थालीपिठाचा वास जिन्यापर्यंत आलाय' असं म्हणत आत आला, आणि काकूंनी त्याला पान वाढलं. परमुलखात कोणी आपल्या भाषेत आपली चौकशी केली की आम्ही विरघळतो. मुलं घरात अर्धं हिंदी अर्धं बंगाली बोलतात, शेजारी चांगले असले तरी शेजारीच. तिथे एखादा स्वच्छ पुणेरी मराठीत 'झोप लागते का हो नीट?' असं विचारतो, आणि लोक त्याला आपला माणूस म्हणून मोकळे होतात. मीही त्या दिवशी त्याला दुसरं थालीपीठ वाढलं होतं, हे कबूल करते.

तो हळूहळू ताप-डोकेदुखीवरून हृदयावर आला. त्याचं म्हणणं, गाठ म्हणजे गिळलेला हुंदका. बदलीच्या नोकरीत माहेर तुटतं, माणसं तुटतात, बाई रडत नाही, ते सगळं हृदयात साठतं आणि त्याची गाठ होते. डॉक्टर गाठ कापतात, हुंदका तसाच राहतो. ऐकायला किती छान वाटतं. हुंदक्याला देठ कसा फुटतो, हे मात्र कोणी विचारलं नाही.

पहिल्या बैठकीला मी नव्हते, पण तिचं वर्णन मी दहा जणांकडून ऐकलं. वहिनी धापा टाकत आल्या, त्यांना दिवाणावर झोपवलं. त्याआधी उन्मेषजींनी यंत्राची पूजा करायला लावली. दसऱ्याला आपण शिवणयंत्राला, स्कूटरला हळदकुंकू लावतो, तसंच. अलकाकाकूंनी बोट बुडवलं, आणि उन्मेषजींनी काकूंचं बोट धरून पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवलं. इथे लावा, भरपूर लावा. मग प्रोब टेकवला आणि पडद्यावर गाठ दिसली, हुबेहूब मी सांगितली होती तशी. आणि अर्ध्या तासात वहिनींची धाप खरंच थांबली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मोकळा श्वास घेतला. हे नाटक नव्हतं, आणि म्हणूनच कोणी माझं ऐकेना. माझा नवरा मंदारसुद्धा म्हणाला, "लीना, तिला बरं वाटतंय ना, मग दोन बैठका होऊ देत की."

तर ही तिसरी बैठक. पडदा स्वच्छ होता आणि मी दारात उभी होते.

खरं सांगते, त्या क्षणी माझा माझ्यावरचाच विश्वास डळमळला. चित्र उत्तम होतं. काढलेलं नकली चित्र नव्हतं, खरं माणसाचं हृदय होतं, मी ते ओळखते. मग मी काय बघितलं होतं? इकोत कधी कधी भास होतात, सावलीची गाठ वाटते, हेही मला माहीत आहे. मी चुकले असेन तर एका धडधाकट बाईची छाती उघडायला निघाले होते. आणि मी चुकले नसेन तर ही बाई आता हसत घरी जाईल आणि पुढच्या आठवड्यात जिन्यात मरेल. कुठलं जास्त भयंकर, ते ठरवता येईना. 

उन्मेषजींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की शुद्धी, म्हणजे त्यांचा हा उपचार, चालू असताना रुग्णाला हात लावायचा नाही. स्पर्श झाला तर गाठ दुप्पट होऊन परत येते. लोक म्हणून दोन हात दूर बसले होते. मी गर्दीतून वाट काढत दिवाणाच्या कडेला जाऊन बसले आणि शालीखालून वहिनींचं मनगट धरलं. घाबरलेल्या माणसाला आधार द्यावा एवढंच मनात होतं. पण बोटं आपोआप नाडीवर गेली, सवयच आहे.

नाडी बारीक होती आणि पळत होती. मिनिटाला एकशे दहा तरी. आणि टाळ्या संथ चालल्या होत्या, फार तर सत्तर.

मी पडद्याकडे बघितलं, परत नाडी मोजली. एका माणसाला हृदय एकच असतं. ते मनगटात पळेल आणि पडद्यावर रमतगमत चालेल, असं होत नाही. मग मी टाळ्या ऐकायला लागले. दर चार टाळ्यांनंतर सगळी खोली किंचित अडखळत होती. एक, दोन, तीन, चार, आणि पाचवी सगळ्यांची थोडी लवकर पडत होती. चाळीस माणसं एकाच जागी, दर वेळी. चार ठोक्यांची एक चित्रफीत होती ती, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

डोक्यात तिडीक गेली. मी उठले, त्याच्या हातातला प्रोब धरला आणि वहिनींच्या छातीवरून उचलून सरळ वर हवेत धरला.

खऱ्या यंत्राचा प्रोब उचलला की पडद्यावरचं हृदय त्याच क्षणी नाहीसं होतं. इथे ते धडधडतच राहिलं. कोणाच्याही छातीला न लागता, मजेत. ज्यांनी बघितलं त्यांचे हात थांबले. ज्यांचे डोळे भक्तीने मिटलेले होते ते तसेच टाळ्या वाजवत राहिले, मग एकेक करून तेही थांबले.

उन्मेषजी मात्र पट्टीचा खेळाडू. तो हसला आणि म्हणाला, ऊर्जेची स्मृती असते, ताई, प्रोब बाजूला झाला तरी हृदयाचं स्पंदन यंत्रात काही काळ राहतं. आणि नवल म्हणजे दोन-चार माना डोलल्यासुद्धा. कोणीतरी मला खाली बसायला सांगितलं. मेजरच्या बायकोने मला सुनावलं की तुझ्या हॉस्पिटलचं नुकसान होतंय म्हणून तू असं करतेस.

मी पडद्याकडे बघत होते. काहीतरी चुकत होतं आणि ते काय ते कळत नव्हतं. मग कळलं. इकोच्या कुठल्याही चित्रावर वर कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय आणि तारीख येते. सतरा वर्षांत मी नाव नसलेलं चित्र केलेलं नाही. इथे त्या कोपऱ्यावर हळदकुंकवाचा जाड थर होता.

मी ओढणीचं टोक ओलं केलं आणि कुंकू पुसायला लागले. अलकाकाकू किंचाळल्या, पूजेचं कुंकू पुसतेस, सवाष्ण आहे ती, अभद्र आहे हे. मीही मनात चरकले, लहानपणापासूनचं ते, एवढ्या लवकर जात नाही. तरी पुसलं. खाली इंग्रजी अक्षरं होती. मी मनोहरकाकांना पुढे बोलावलं आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांगितलं. काकांनी चष्मा लावला.

"पुरुष," ते म्हणाले, आणि थांबले. "वय एकतीस. तारीख दोन वर्षांपूर्वीची आहे."

नाव कुठल्यातरी दुसऱ्याच शहरातल्या, दुसऱ्याच माणसाचं होतं. ते मी इथे लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

दादा भिंतीपासून पुढे आले. प्रोबची वायर टॅबलेटच्या मागे कातडी कव्हरात जात होती, ती त्यांनी ओढली तर सुटून हातात आली. कशालाच जोडलेली नव्हती. टॅबलेटमध्ये दोन चित्रफिती होत्या, एक गाठीची, एक बिनगाठीची. पहिली इंटरनेटवर मेडिकलच्या मुलांसाठी ठेवलेली असते तसली. त्याला गाठ कशी असते ते माहीत होतं, कारण माझा रिपोर्ट वहिनींनीच विश्वासाने त्याच्या हातात दिला होता.

आणि तेवढ्यात वहिनी उठून बसल्या. माझ्यावर चिडून उठल्या, काहीतरी बोलणार होत्या. ओठ पांढरे पडले, डोळे फिरले आणि त्या तशाच पुढे कलंडल्या.

उन्मेषजीने ती संधी सोडली नाही. "स्पर्श केलात," तो ओरडला. "परत आली गाठ."

लोक मागे सरकले. अजूनही सरकले, हे लक्षात घ्या. एका आईने आपल्या मुलीला उचलून स्वयंपाकघरात नेलं. नाव, वय, तारीख वाचून झाल्यावरसुद्धा भीतीने त्यांचं डोकं बंद पाडलं होतं, आणि वहिनींना सावरायला मी आणि दादा दोघंच. आम्ही त्यांना आडवं केलं. वीस-पंचवीस सेकंदांनी त्यांनी डोळे उघडले. त्या सेकंदांत मी देवाला हाक मारली की नाही, ते मला विचारू नका.

मग मी तिथेच, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन, सगळ्यांना सांगितलं. गाठ देठाला लोंबते आहे. माणूस उभा राहिला, बसला, की ती घसरून झडपेच्या दारात बसते, रक्त अडतं, धाप लागते, भोवळ येते. आडवं झालं की ती दारात अडकून राहत नाही आणि श्वास मोकळा होतो. पहिल्या दिवशी वहिनींना बरं वाटलं ते झोपवल्यामुळे. तुम्ही त्यांना मांडीवर झोपवलं असतं तरी बरं वाटलं असतं. गाठ कुठे गेलेली नाही, आत्ता तुम्ही तिला काम करताना बघितलंत.

ॲम्ब्युलन्स आली तोवर उन्मेषजी पसार झाला होता. टॅबलेट राहिला, तो मनोहरकाकांनी दुसऱ्या दिवशी पोलिसांत दिला. तक्रारीवर सही करायला आणखी कोणी आलं नाही. मंडळाची बदनामी नको, म्हणाले.

त्याच संध्याकाळी आमच्या केंद्रात इको पुन्हा झाला, गाठ जागेवर होती. ऑपरेशन मंगळवारी ठरलं. पण सोमवारी सकाळी चहा घेताना वहिनींच्या उजव्या हातातून कप निसटला. दादा म्हणाले काय झालं, तर त्यांनी तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. डोळे मोठे झाले होते. स्वतःच्या तोंडातून निघणारा आवाज ऐकून त्या घाबरल्या होत्या. गाठीचा एक कण सुटून मेंदूत गेला होता. बारा दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, अगदी तेच.

डोक्याचे स्कॅन झाले, मेंदूच्या डॉक्टरांनी संमती दिली आणि तीन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. सही ह्या वेळीही दादांनीच केली. पेन धरायला त्यांना दोन्ही हात लागले. साडेचार तास आम्ही बाकावर बसलो होतो. वहिनी वाचल्या.

ह्याला आता पाच महिने झाले. हात बराचसा सुधारला आहे. बोलणं सावकाश आहे, एकेक शब्द शोधून आणावा लागतो. गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे मटार सोलत बसले होते आणि न राहवून विचारलं की वहिनी, तुम्ही एम. ए. झालेल्या, माझ्यावर विश्वास का नाही ठेवलात?

त्या बराच वेळ शब्द जुळवत होत्या.

"तू... गाठीचं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी घाबरले होते. ते... त्याने विचारलं. तू नाही विचारलंस."

मला रडू आलं. मटार तसेच ठेवून मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्या म्हणाल्या ते खरं होतं. माझं निदान बरोबर होतं, आकडे बरोबर होते, आणि मी एका घाबरलेल्या बाईला फोनवरून नुसती रागावत होते. तिला हृदय थांबण्याची भीती वाटत होती. मी तिला एकदाही विचारलं नाही की तुला नक्की कशाची भीती वाटते.

म्हणून हे लिहिते आहे, मंडळाला आवडो न आवडो. चमत्कार दाखवणारा कितीही गोड बोलला, अगदी आपल्या आईच्या भाषेत बोलला, तरी त्याला प्रश्न विचारा. हात लावू नका, विचारू नका, असं जो म्हणेल त्याच्या घरातून उठून या. छातीवर लावलेला प्रोब उचलायला सांगा, पडद्यावरचं नाव वाचायला सांगा. खरा डॉक्टर त्याने रागावणार नाही.

आणि तुमच्यापैकी जे माझ्यासारखे शहाणे आहेत, ज्यांना सगळं कळतं, त्यांना वेगळं सांगते. रिपोर्ट देऊन मोकळे होऊ नका. घाबरलेल्या माणसाजवळ बसा, त्याला काय वाटतंय ते ऐकून घ्या, आणि ऑपरेशनच्या दारापर्यंत त्याचा हात धरून चालत जा. ते काम भोंदूवर सोडू नका.